मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना युनिट कशी सांभाळायची

हिंगणघाट, वणी, दर्यापूर, पुसद अशा तालुक्याच्या गावी स्ट्रक्चरल डिझाइन सुरू करणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर एकाच कामाचे कागद वेगवेगळ्या युनिटांत येऊन पडतात. आर्किटेक्टचा नकाशा फूट-इंचात, मातीचा रिपोर्ट टन प्रति चौरस मीटरमध्ये, आयएस कोड किलोन्यूटनमध्ये. बुटीबोरीच्या फॅब्रिकेटरची मापं मिलिमीटरमध्ये आणि वजन किलोत. साइटवरचा मिस्त्री सळाख अजून सुतात सांगतो: तीन सूत म्हणजे १० मिमी, चार सूत म्हणजे १२. हे सगळं जुळवून तुम्ही स्टॅडप्रो या इमारतीचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करता आणि मग नागपूरचा तपासणारा सल्लागार म्हणतो, सॅप किंवा इटॅब्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाठवा.

इथे होणारी चूक सॉफ्टवेअर पकडत नाही. अ‍ॅनालिसिसला फक्त आकडे कळतात. बीमची खोली ४५० मिमी आहे की ४५० मीटर, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शून्य एरर, शून्य वॉर्निंग, आणि उत्तर साफ चुकीचं. म्हणून तपासणी तुम्हालाच लावावी लागते. पुढचं उदाहरण आपल्याकडे नेहमी लागणाऱ्या कामाचं घेऊ: कापसाच्या गाठींचं टिनाचं गोदाम, १८ मीटर रुंद, ३६ मीटर लांब, दर ६ मीटरवर एक अशा ७ फ्रेम.

फाइलच्या आधी चिठ्ठी

फाइल मागताना किंवा पाठवताना सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. तिच्यात लिहायचं: लांबी, बल आणि तापमान कोणत्या युनिटात, स्ट्रेस आणि सेक्शनची मापं कशात, गुरुत्व त्वरण ९.८१ धरलं की सोयीसाठी सरळ १०. उभा अक्ष कोणता. स्टॅडमध्ये तो मूळचा वाय असतो, सॅप-इटॅब्समध्ये झेड. अक्ष म्हणजे युनिट नव्हे, पण गोंधळ त्याच वेळी होतो म्हणून त्याच चिठ्ठीत.

त्याखाली तीन आकडे: इमारतीची एकूण लांबी, एका लोड केसची (एका प्रकारच्या भाराची) आधारांवरची एकूण उभी रिअ‍ॅक्शन आणि एका ठरावीक नोडचं (जोडबिंदूचं) डिफ्लेक्शन, म्हणजे लोडखाली सरकणं. समोरच्याने मॉडेल उघडलं की हे तीन आकडे जुळले पाहिजेत. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण ते टाळतात आणि मग दोन दिवस फोनवर घालवतात.

आधी एक बीम पाठवा

समोरच्या ऑफिसशी पहिल्यांदाच फाइलची देवाणघेवाण होत असेल तर अख्खं गोदाम पाठवू नका. ५ मीटरचा, दोन्ही टोकांना साधा टेकलेला आयएसएमबी ३०० (३०० मिमी खोलीचा आय आकाराचा प्रमाणित स्टील सेक्शन) चा एक बीम करा. त्यावर १० किलोन्यूटन प्रति मीटर लोड द्या, स्वतःचं वजन बंद ठेवा. उत्तर हातानेच निघतं: प्रत्येक टोकाला २५ किलोन्यूटन, मधला वाकवणारा मोमेंट ३१.२५ किलोन्यूटन-मीटर, मधलं डिफ्लेक्शन सुमारे ४.६ मिमी. सॉफ्टवेअर शिअरमुळे होणारं डिफ्लेक्शनही धरत असेल तर ४.८ च्या आसपास.

हा बीम एक्सपोर्ट करून दुसरीकडे उघडला आणि चारही आकडे तसेच आले, तर रस्ता साफ आहे. रिअ‍ॅक्शन बरोबर पण डिफ्लेक्शन ४.६ मीटर असं दिसलं, तर स्टीलचा ई, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, हजारपट कमी गेला आहे. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा: रिअ‍ॅक्शन जुळली म्हणून ई जुळला असं होत नाही. सगळ्या मेंबरचा ई सारख्याच पटीने चुकला तर नेहमीच्या लोडखाली पोर्टल फ्रेमचे मोमेंटसुद्धा तेच राहतात. ती चूक फक्त डिफ्लेक्शन, टाइम पीरियड (इमारतीच्या एका हेलकाव्याचा वेळ) आणि तापमानाच्या लोडमध्ये दिसते.

फाइल नोटपॅडमध्ये उघडा

एक्सचेंजच्या बहुतेक फाइल साध्या टेक्स्ट असतात, त्या वाचता येतात. इटॅब्सच्या ई-टू-के फाइलमध्ये सुरुवातीच्या कंट्रोल्स भागात युनिट्सची ओळ असते: बल, लांबी, तापमान या क्रमाने. आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या) फाइलमध्ये लेंग्थयुनिट शोधा. शेजारी मिली आणि मीटर दिसलं तर लांबी मिलिमीटरमध्ये, नुसतं मीटर असेल तर मीटरमध्ये. फूट असेल तर तिथे कन्व्हर्जन-बेस्ड युनिट असं लिहिलेलं सापडतं.

स्टॅडच्या फाइलकडे जास्त लक्ष द्या. तिच्यात युनिटची आज्ञा एकदाच येते असं नाही, हवी तितक्या वेळा येऊ शकते, आणि प्रत्येक आकडा त्याच्या वरच्या शेवटच्या युनिट ओळीप्रमाणे वाचला जातो. जॉइंट मीटर-किलोन्यूटनमध्ये लिहिले, मटेरियलसाठी मिमी-न्यूटन केलं आणि लोडच्या आधी परत बदलायचं राहिलं, हा नेहमीचा प्रकार. त्याची गंमत अशी की सगळंच चुकत नाही. बीमवर १२ किलोन्यूटन प्रति मीटर द्यायचे होते आणि ते १२ न्यूटन प्रति मिमी म्हणून वाचले गेले, तर दोन्ही एकच आहेत! पण त्याच भागातला १२ किलोन्यूटनचा पॉइंट लोड १२ न्यूटन होतो, १२ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट दहा लाखपट घटतो आणि ०.७५ चा एरिया लोड ०.७५ न्यूटन प्रति चौ.मिमी म्हणजे ७५० किलोन्यूटन प्रति चौ.मी. होतो. यूडीएल (मीटरमागे सारखा पसरलेला लोड) बरोबर दिसला म्हणून बाकीचं बरोबर मानणारा इथेच फसतो.

म्हणून फाइंडमध्ये युनिट टाकून सगळ्या ओळी बघा आणि प्रत्येकीखाली काय लिहिलंय ते तपासा. पाठवायची फाइल असेल तर सगळं एकाच युनिटात, मीटर-किलोन्यूटनमध्ये आणून मगच पाठवा. फक्त डिझाइन पॅरामीटर विसरू नका. मीटर-किलोन्यूटन चालू असताना एम२५ काँक्रीटचं एफसी (काँक्रीटची ताकद) २५,००० लिहावं लागतं आणि ५०० ग्रेड सळाखेचं एफवायमेन (सळाखेची ताकद) ५,००,०००. नुसतं २५ लिहिलं तर ते २५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. वाचलं जातं आणि एकही मेंबर पास होत नाही. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती ओरडून सांगते.

इम्पोर्ट करताना नवीन मॉडेल कोरंच उघडा आणि युनिट आधी निवडा. सॅपमध्ये सुरुवातीला निवडलेलं युनिट हे मॉडेलचं मूळ युनिट होतं. नंतर स्क्रीनवर बदललं तरी फक्त दाखवण्याची पद्धत बदलते, प्रत्यक्ष माप तेच राहतं. चुकीच्या युनिटात आलेलं मॉडेल खालच्या कोपऱ्यातलं युनिट बदलून दुरुस्त होत नाही.

भूमिती

डीएक्सएफमधून (ऑटोकॅडच्या देवाणघेवाणीच्या फाइलमधून) सेंटरलाइन घेत असाल तर हेडरमध्ये इनस्युनिट्स हा आकडा असतो: १ म्हणजे इंच, २ फूट, ४ मिमी, ५ सेंमी, ६ मीटर, ० म्हणजे ठरवलेलं नाही. पण ड्राफ्ट्समनने जे काढलं ते या आकड्याशी जुळेलच याची खात्री नाही. ऑटोकॅडमध्ये डीआय आज्ञा देऊन एक ओळखीचं माप मोजा. ९ इंची कॉलमची बाजू ९ आली तर इंच, ०.७५ आली तर फूट, २२८.६ किंवा २३० आली तर मिमी. मग इंचाला २५.४ ने किंवा फुटाला ३०४.८ ने स्केल करून सगळं मिमीत आणा आणि मगच एक्सपोर्ट करा.

फुटाच्या मापांत दोन सापळे आहेत. पहिला: नकाशावर ९.६ लिहिलंय ते ९ फूट ६ इंच आहे की दशांश फूट? दशांश असेल तर ते ९ फूट ७.२ इंच होतं. गावाकडच्या हाताने काढलेल्या स्केचमध्ये बिंदूचा अर्थ बहुधा इंचच असतो, पण विचारूनच घ्या. दुसरा: १३ फूट ५ इंच म्हणजे ४.०८९४ मीटर. कॉलम डीएक्सएफमधून ४.०८९४ वर आला आणि बीम तुम्ही हाताने ४.०९ वर टाकला, तर दोन नोडमध्ये ०.६ मिमी अंतर राहतं. डोळ्यांना ते एकच दिसतात, मॉडेलमध्ये मात्र जोडलेले नसतात. इम्पोर्टनंतर २ ते ५ मिमी टॉलरन्सने नोड मर्ज करून घ्या.

जुन्या जिनिंगच्या शेडचं मजबुतीकरण असेल तर फूट-इंचातली ड्रॉइंग आणि इंचातले जॉइस्ट निघतात. १२ बाय ५ इंचाच्या जॉइस्टला आयएसएमबी ३०० समजू नका; व्हर्निअरने फ्लँज आणि वेब मोजून सेक्शन स्वतः तयार करा.

सेक्शन आणि मटेरियल

प्रमाणित सेक्शन नावाने पाठवले की युनिटचा प्रश्नच येत नाही, समोरचं सॉफ्टवेअर आपल्या लायब्ररीतून गुणधर्म घेतं. प्रश्न येतो तो आकड्यांनी पाठवलेल्या सेक्शनचा. आयएसएमबी ३०० चा आयएक्सएक्स (वाकण्याला विरोध दाखवणारा गुणधर्म) सुमारे ८,६०० सेंमी⁴ आहे, मीटरमध्ये तो ०.००००८६ मीटर⁴ होतो. एक्स्पोर्टमध्ये चारच दशांश ठेवले असतील तर तो ०.०००१ म्हणून जातो, म्हणजे सेक्शन फुकटात १६ टक्के ताठर. प्लेटचंही तसंच: मीटरमध्ये दोन दशांश ठेवले तर ८, १० आणि १२ मिमी या तिन्ही प्लेटा ०.०१ होतात. म्हणून बिल्टअप (प्लेटा जोडून केलेल्या) सेक्शनची मापं नेहमी मिमीतच पाठवा.

स्टीलचा ई २,०५,००० न्यूटन प्रति चौ.मिमी, म्हणजेच २० कोटी ५० लाख किलोन्यूटन प्रति चौ.मी. काँक्रीटच्या बाबतीत उगाच युनिटला दोष देऊ नका: स्टॅडच्या मूळ मटेरियलमध्ये ई सुमारे २१,७१८ न्यूटन प्रति चौ.मिमी असतो आणि आयएस ४५६ च्या सूत्राने एम२५ साठी २५,००० येतो. हा फरक मटेरियल निवडण्याचा आहे.

घनतेच्या रकान्यात वजन मागितलंय की वस्तुमान, ते बघा. स्टीलसाठी वजन सुमारे ७७ किलोन्यूटन प्रति घ.मी., वस्तुमान ७,८५० किलो प्रति घ.मी. वजनाच्या रकान्यात ७,८५० गेलं तर गोदाम १०२ पट जड होतं.

एक्सेलमधून सीएसव्ही करत असाल तर आकड्यांतले आपले लाखाचे स्वल्पविराम आधी काढा. २,०५,००० हा आकडा सीएसव्हीत तीन रकान्यांत फुटू शकतो आणि पुढची सगळी ओळ सरकते.

लोड

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त धोका इथेच. गोदामाचा मालक सांगतो, फरशीवर चौरस मीटरला २ टन माल लागेल. मॉडेलमध्ये २ टाकले गेले तर ते २ किलोन्यूटन होतात, हवे होते १९.६. चूक धोक्याच्या बाजूची आहे आणि फरशी पूर्ण भरेपर्यंत कोणालाच दिसत नाही. टनात आलेला आकडा लगेच ९.८१ ने गुणून किलोन्यूटनमध्ये लिहा आणि मूळ आकडा शेजारी शेऱ्यात ठेवा.

छताचं उदाहरण पूर्ण बघू. टिना आणि पर्लिनसाठी (टिनांखालच्या आडव्या पट्ट्यांसाठी) ०.१५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. धरले. मधल्या फ्रेमवर ६ मीटरने गुणून ०.९ किलोन्यूटन प्रति मीटर, टोकाच्या फ्रेमवर निम्मे, ०.४५. पाच मधल्या आणि दोन टोकाच्या फ्रेम, प्रत्येकी १८ मीटर: ८१ अधिक १६.२, एकूण ९७.२ किलोन्यूटन. ६४८ चौ.मी. गुणिले ०.१५ केलं तरी तेच येतं. छतावरचा लाइव्ह लोड ०.७५ धरला तर एकूण ४८६ किलोन्यूटन. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच दोन आकडे बेस रिअ‍ॅक्शनच्या बेरजेत दिसले पाहिजेत. फ्रेमचं वजन फॅब्रिकेटरच्या हिशेबात १६ टन असेल तर स्वतःच्या वजनाची रिअ‍ॅक्शन १५७ किलोन्यूटनच्या जवळ हवी.

वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदातच घाला. आयएस ८७५ भाग ३ मध्ये नागपूरसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे. सगळे गुणक १ धरले तर दाब ०.६ गुणिले ४४ चा वर्ग, म्हणजे १,१६२ न्यूटन किंवा १.१६ किलोन्यूटन प्रति चौ.मी. हाच वेग तासाला १५८ किमी असा टाकला तर दाब जवळपास १३ पट फुगतो.

फ्लोअर लोड किंवा सॉफ्टवेअरने स्वतः तयार केलेला वाऱ्याचा लोड दुसरीकडे पोहोचेलच असं धरू नका. तो मेंबर लोडमध्ये बदलून पाठवा, नाहीतर पलीकडे नव्याने लावा.

स्प्रिंग, तापमान, वस्तुमान

हे तीन विषय नवख्यांच्या नजरेतून सुटतात.

काळ्या मातीवरचा राफ्ट (अख्ख्या इमारतीखालचा सलग पाया) असेल तर सबग्रेड मॉड्युलस, म्हणजे मातीचा स्प्रिंगसारखा ताठरपणा, लागतो. जुन्या रिपोर्टमध्ये तो किलो प्रति घन सेंमी असतो: १ किलो प्रति घन सेंमी म्हणजे ९,८०७ किलोन्यूटन प्रति घ.मी. फिरणाऱ्या स्प्रिंगचा मामला आणखी बारीक. स्टॅडला तो मोमेंट प्रति अंश लागतो, सॅप-इटॅब्सला मोमेंट प्रति रेडियन. स्टॅडमधला १०० किलोन्यूटन-मीटर प्रति अंश म्हणजे ५,७३० प्रति रेडियन. आकडा तसाच नेला तर पाया ५७ पट मऊ होतो. उलट दिशेने नेला तर जवळजवळ फिक्स. लक्षात घ्या, स्टॅड आउटपुटमध्ये नोडचं फिरणं मात्र रेडियनमध्येच देतो.

तापमान आपल्याकडे हलक्यात घेऊन चालत नाही. चंद्रपूरला सावलीतच ४५ अंशांच्या वर जातं, टिनाखालच्या रॅफ्टरचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ३० अंश सेल्सिअसचा फरक ३६ मीटर लांबीला १३ मिमी ताणतो. यात प्रसरण गुणांक ०.००००१२ प्रति सेल्सिअस आहे. फॅरनहाइटवाल्या फाइलमध्ये तो ०.०००००६६७ असतो आणि तोच सेल्सिअसच्या मॉडेलमध्ये राहिला तर १३ चे ७ मिमी होतात. आणि ३० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ५४ अंश फॅरनहाइट. कन्व्हर्टर ८६ दाखवतो, कारण तो फरक नव्हे, तापमान बदलून देतो.

वस्तुमानाची चूक टाइम पीरियडमध्ये वर्गमुळाने दिसते. वजन वस्तुमान म्हणून गेलं तर पीरियड ३.१३ पट, किलोचे टन धरले गेले तर ३१.६ पट. मिमी-न्यूटनमध्ये काम करणाऱ्या साध्या एफईएम (फायनाइट एलिमेंट) प्रोग्रॅममध्ये वस्तुमान टनात आणि स्टीलची घनता ७.८५ भागिले एक अब्ज टन प्रति घन मिमी द्यावी लागते. तिथे त्वरण ९,८०७ मिमी प्रति वर्ग सेकंद होतं.

गुणोत्तरावरून चोर ओळखा

दोन सॉफ्टवेअरची उत्तरं जुळत नसतील तर फरक काढू नका, भागाकार करा. मोठ्याला लहानाने भागलं की बहुतेक वेळा ओळखीचा आकडा समोर येतो.

९.८१: कुठेतरी टन आणि किलोन्यूटन, किंवा किलो आणि न्यूटन मिसळले.
१०२: वजनाच्या जागी किलोतली घनता.
१,०००: मिमी-मीटर किंवा न्यूटन-किलोन्यूटन. मोमेंटमध्ये दोन्ही एकदम घडलं तर दहा लाख.
३.२८: फूट आणि मीटर. रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) आतल्या आत लांबी फुटातच साठवतो, त्यामुळे स्क्रिप्ट लिहून काढलेल्या डेटात हा आकडा हमखास भेटतो.
१२ किंवा २५.४: इंच आणि फूट, किंवा इंच आणि मिमी.
४.४५: किप (हजार पाउंड बल) आणि किलोन्यूटन.
५७.३: अंश आणि रेडियन.

बरोबर २ आलं तर युनिटच्या मागे लागू नका. बहुधा स्वतःचं वजन दोनदा धरलंय: एकदा फाइलमधून आलेलं आणि एकदा सॅपच्या डेड केसमधल्या मूळच्या १ या गुणकामुळे. आणि १.०२ आलं तर कोणीतरी गुरुत्व त्वरण १० धरलं आहे, चिठ्ठी बघा.

परत पाठवताना

तपासून आलेली फाइल मूळ फाइलवर सेव्ह करू नका. नावातच युनिट आणि तारीख घाला, उदाहरणार्थ गोदाम_मी_केएन_ आणि पुढे तारीख. बेस रिअ‍ॅक्शनचा तक्ता पायावाल्याला आणि अँकर बोल्टवाल्याला देताना एकच युनिट ठेवा, किलोन्यूटन. सोयीसाठी शेजारी टनाचा रकाना देण्याचा मोह होतो, पण ठेकेदार त्यातला लहान आकडा उचलतो आणि किलोन्यूटन समजून बोल्ट मागवतो. कॉलम नंबर, लोड केस, वर खेचणारं बल की खाली दाबणारं हे शब्दांत, आणि रकान्याच्या डोक्यावर युनिट, इतकं प्रत्येक पानावर छापलेलं असू द्या. साइटवर पहिलं पान नेहमीच हरवलेलं असतं.